अडकलेलं अपडेट आणि गटाचा हिशोब

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली की वाटेत मुर्धा लागतं. तिथल्या बचत गटाच्या आम्ही बाया. २००२ पासून आमचं गाव कागदोपत्री महानगरपालिकेत आहे, पण अंगणात मिरच्या वाळत घालायच्या आणि गटाची बैठक ओटीवर घ्यायची, हे काही बदललेलं नाही. आमचा गट मसाला करतो, थोडी सुकी मासळी विकतो आणि आपसांत कर्ज देतो. आज मसाल्याविषयी बोलणार नाही. घरातला कॉम्प्युटर अपडेट होता होता मध्येच अडकला तर काय करायचं, ते सांगणार आहोत. हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो नाही. गटाचा आख्खा हिशोब हातचा जायची वेळ आली होती, तेव्हा शिकलो.

आमचा कॉम्प्युटर जुना. एका ऑफिसने नवे घेतले तेव्हा त्यांचा एक आम्हाला मिळाला. त्यात विंडोज ७ होतं. त्याला सुरक्षेची दुरुस्ती मिळणं १४ जानेवारी २०२० लाच थांबलं होतं, आणि नवीन विंडोज ११ इतक्या जुन्या मशीनवर चढत नाही. मग आमच्या खजिनदार ताईंच्या नणंदेच्या मुलीने त्यावर उबुंटू घालून दिलं. उबुंटू म्हणजे फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली, २००४ साली पहिल्यांदा आली. ती उभी आहे डेबियन नावाच्या आणखी जुन्या प्रणालीवर, जिची सुरुवात १९९३ ची. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेने केलेलं बॉस लिनक्सही डेबियनवरूनच आलेलं आहे. म्हणून आज जे सांगू ते या तिन्हींना बऱ्यापैकी लागू पडतं. तुमच्या गावातल्या शाळेत किंवा वाचनालयात यातलं एखादं असू शकेल.

तर झालं असं. जूनचा पहिला मोठा पाऊस, शनिवारची संध्याकाळ. सोमवारी बँकेचे साहेब गटाचा हिशोब पाहायला येणार होते, कारण आम्ही मोठ्या कर्जासाठी अर्ज केला होता. ताईंनी कॉम्प्युटर लावला तर पडद्यावर अपडेटची खिडकी आली. चांगल्या मनाने त्यांनी 'इन्स्टॉल' दाबलं. हिरवी पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली आणि वीज गेली. कॉम्प्युटर डेस्कटॉप, त्याला ना बॅटरी ना इन्व्हर्टर. तासाभराने वीज आली, मशीन चालूही झालं. पण हिशोबाची फाईल उघडेना. दोनदा क्लिक केलं की क्षणभर चक्र फिरायचं आणि काहीच नाही. अपडेट पुन्हा करायला गेलो तर इंग्रजीत काहीतरी चार ओळी येऊन खिडकी बंद.

सहा महिन्यांपूर्वीच आम्ही हाताची वही लिहिणं सोडलं होतं. कोणी किती घेतलं, कोणाचे किती हप्ते आले, व्याज किती, सगळं त्या एका फाईलमध्ये. आमच्यातल्या एक काकी पहिल्यापासून म्हणायच्या, "बाय, वही ती वही." त्या रात्री त्या काही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघी कॉम्प्युटर रिक्षात घालून दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने पडदा पाहिला, पाच मिनिटं काही दाबलं आणि म्हणाला, सिस्टिम करप्ट झाली, फॉरमॅट करावं लागेल, विंडोज टाकून देतो. आम्ही विचारलं, आतला हिशोब? तो म्हणाला, जाईल, पण मशीन नव्यासारखं होईल. त्याच्यावर आमचा राग नाही. त्याला लिनक्स येत नव्हतं आणि त्याच्याकडे जे येतं तेच त्याने सांगितलं. पण आम्ही 'हो' म्हणणारच होतो, हे खरं. ताईंनी फक्त एवढंच म्हटलं, "घरी विचारून येतो." ते घरी विचारणं म्हणजे त्या भाचीला फोन करणं.

आता तिने फोनवर आम्हाला जे समजावलं ते आधी सांगतो, कारण ते कळलं तर अर्धी भीती जाते.

कॉम्प्युटरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक तुमच्या फाईली, म्हणजे हिशोब, फोटो, पत्रं. दुसरी, त्या उघडणारी सॉफ्टवेअरं. फाईल म्हणजे डब्यातलं धान्य, सॉफ्टवेअर म्हणजे जातं. जातं बिघडलं म्हणून धान्य नासत नाही. अपडेट जात्याला हात लावतं, धान्याला नाही. आमची फाईल जिथल्या तिथे होती. ती उघडणारं लिब्रेऑफिस तेवढं अर्धवट होतं. फॉरमॅट मात्र जातं आणि धान्य दोन्ही झाडून टाकतं.

दुसरं म्हणजे अपडेट नक्की काय करतं. लिनक्समध्ये प्रत्येक सॉफ्टवेअर पुडक्यांमधून येतं, त्यांना पॅकेज म्हणतात. एका लिब्रेऑफिसचीच कितीतरी पुडकी असतात. अपडेट म्हणजे वाणसामान भरण्यासारखंच. आधी दुकानातून पुडे आणायचे, ते झालं डाऊनलोड. मग पुडे फोडायचे. मग प्रत्येक जिन्नस आपापल्या डब्यात भरून, चिठ्ठी लावून फळीवर ठेवायचा. या शेवटच्या कामाला कॉन्फिगर म्हणतात. आमची वीज गेली ती पुडे फोडून झाल्यावर आणि डबे भरायच्या आधी. ओट्यावर सगळं पसरलेलं, नवी डाळ, जुना डबा, आणि स्वयंपाक काही होत नाही.

पण हा घरमालक आपल्याहून शिस्तीचा आहे. डीपीकेजी नावाचा एक कोठीवाला आत बसलेला असतो आणि त्याच्याजवळ वही असते. कुठलं पुडकं फोडलं, कुठलं अर्धं लावलं, कुठलं पूर्ण लागलं, हे तो पुडक्यागणिक लिहून ठेवतो. वीज गेली तरी वही राहते. म्हणून त्याला फक्त एवढंच सांगायचं असतं, "बाबा, राहिलेलं काम पुरं कर." आणि गंमत म्हणजे हे सांगायचं कसं, ते त्या इंग्रजी चार ओळींतच लिहिलेलं होतं. 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' म्हणजे काम मध्ये तुटलं, आणि त्याच्यापुढे कुठली आज्ञा द्यायची तीसुद्धा. आम्ही वाचलंच नव्हतं. इंग्रजी दिसलं की आपला हात आपोआप खिडकी बंद करायच्या फुलीकडे जातो. भाचीने सांगितलं, मावशी, खिडकी बंद करायच्या आधी मोबाईलने फोटो काढ आणि मला पाठव. एवढी एक सवय लावून घेतली तरी पुष्कळ.

आता आज्ञा. रेडिओवरून सांगताना आम्ही अक्षर-अक्षर सांगू, तशीच ती आम्ही फोनवर ऐकून टाईप केली होती. कागद-पेन्सिल घ्या. कंट्रोल, आल्ट आणि टी ही तीन बटणं एकदम दाबली की काळी किंवा जांभळट खिडकी उघडते, ती टर्मिनल. की-बोर्ड इंग्रजीवर आहे ना ते बघा. आमचा मराठीवर होता, त्यामुळे पहिल्या वेळी मराठी अक्षरंच उमटली. मग टाईप करा: एस, यू, डी, ओ. एक जागा सोडा. डी, पी, के, जी. पुन्हा एक जागा सोडा. दोन आडव्या रेघा एकमेकींना लागून, आणि त्यांना चिकटूनच कॉन्फिगर, म्हणजे सी, ओ, एन, एफ, आय, जी, यू, आर, ई. पुन्हा एक जागा. एक आडवी रेघ आणि तिला चिकटून ए. सगळी अक्षरं लहान लिपीतली. मग एंटर.

आम्हाला हे तीनदा करावं लागलं. एकदा जागा सोडायची राहिली, एकदा वहिनींनी आडवी रेघ शिफ्ट दाबून काढली, ती खालची रेघ आली. दोन्ही वेळा मशीनने नुसतं सांगितलं की समजलं नाही. चुकीची अक्षरं टाईप झाली म्हणून ते रुसत नाही, काही बिघडतही नाही. तिसऱ्या वेळी त्याने पासवर्ड मागितला. इथे अजून एक अडखळ आहे. पासवर्ड टाईप करताना आमच्या पडद्यावर काहीच दिसत नव्हतं, टिंबसुद्धा नाही. ताईंना वाटलं की-बोर्ड बंद पडला. तसं नसतं. न दिसताच टाईप करायचा आणि एंटर मारायचा.

मग ओळी सरसर वर जायला लागल्या. 'सेटिंग अप', 'सेटिंग अप', प्रत्येक ओळीला एकेक पुडकं फळीवर चढत होतं. मध्येच थांबलं. आम्ही श्वास धरला. ते प्रश्न विचारत होतं, अमुक सेटिंगची तुमची जुनी फाईल ठेवू की नवी घेऊ? भाची म्हणाली, काही माहीत नसेल तर नुसतं एंटर, म्हणजे जुनी राहते. एंटर मारलं, पुन्हा ओळी धावू लागल्या.

आमच्या मते अपडेट 'अडकलं' म्हणतात त्यात पुष्कळदा हेच असतं. ते अडकलेलं नसतंच, आपल्या उत्तराची वाट बघत असतं, आणि प्रश्न असतो 'डिटेल्स' नावाच्या दुमडलेल्या खिडकीत. आपण पट्टीकडे बघत बसतो. म्हणून पट्टी हलेना तर पहिल्यांदा 'डिटेल्स' उघडून बघा. काही वेळा तिथे करारनाम्याचं लांबलचक इंग्रजी येतं आणि खाली 'ओके' लिहिलेलं असतं, पण माऊसने ते दाबलं जात नाही. तिथे माऊस चालत नाही. टॅबचं बटण दाबून 'ओके'वर जायचं आणि एंटर.

ती आज्ञा संपल्यावर दुसरी एक दिली. ती म्हणजे कोठीत काही कमी-जास्त राहिलं का ते बघून भरून काढणं. एस, यू, डी, ओ, जागा, ए, पी, टी, जागा, दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून फिक्स, एक आडवी रेघ, ब्रोकन, हे सगळं सलग. मग जागा, आणि इन्स्टॉल. याला इंटरनेट लागू शकतं. काय घालणार आणि काय काढणार याची यादी ते आधी दाखवतं आणि होय की नाही विचारतं. काढायची यादी लांबलचक दिसली, तर होय म्हणू नका. फोटो काढा, जाणत्या माणसाला दाखवा. आमच्याकडे काढायचं काहीच नव्हतं, वाय दाबलं. दुपारी अडीच वाजता हिशोबाची फाईल उघडली. शेवटची नोंद गुरुवारची होती, तीही तशीच.

काकींनी पहिल्यांदा स्वतःचं कर्ज किती बाकी आहे ते बघून घेतलं.

प्रत्येकीचं अडकणं आमच्यासारखंच असेल असं नाही. नंतरच्या महिन्यांत आमच्या आणि शेजारच्या गटाच्या मशीनवर जे-जे दिसलं तेही सांगतो.

कधी संदेश येतो की 'कुलूप' मिळालं नाही, इंग्रजीत 'कुड नॉट गेट लॉक'. याचा अर्थ कोठीत आधीच कोणीतरी काम करतंय. उबुंटू सुरक्षेची अपडेटं आपली आपण पाठीमागे घेत असतं, आणि एका वेळी एकालाच वहीत लिहिता येतं. यावर एकच उपाय, थांबा. अर्धा-पाऊण तास दुसरं काम करा. तरीही तसंच राहिलं तर नेहमीच्या पद्धतीने रीस्टार्ट करून पुन्हा बघा. मोबाईलवर शोधलं तर कोणी सांगतं की कुलपाची फाईलच पुसून टाका. आम्हाला तो सल्ला अजिबात पटत नाही. आत एक माणूस वही लिहीत असताना दुसऱ्याने कडी तोडून तीच वही लिहायला घेतली तर काय होईल?

कधी जागाच उरलेली नसते, 'नो स्पेस लेफ्ट' असं येतं. लहान मुलांचे व्हिडिओ, लग्नाचे फोटो भरले की हे होतं. पण आणलेल्या पुड्यांची रिकामी कागदंही साठतात. सुडो, जागा, ए-पी-टी, जागा, क्लीन असं दिलं की ती कागदं जातात. तुमच्या फाईलींना धक्का लागत नाही. जागा झाली की मग पहिली आज्ञा पुन्हा द्यायची.

आणि एक कारण असं, की आम्हाला कधी सुचलंच नसतं. शेजारच्या गटाचं मशीन रोज सकाळी लावलं की घड्याळात जुनं वर्ष दाखवायचं. कोणी लक्ष दिलं नाही. अपडेट करायला गेलं की इंग्रजीत यायचं, 'नॉट व्हॅलिड येट', म्हणजे हे अजून लागू झालेलं नाही. मशीनला वाटत होतं की अपडेटवर पुढच्या काळातली तारीख घातली आहे, म्हणून ते संशयाने घेत नव्हतं. कारण एवढंच, की आतल्या बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, वीज नसताना घड्याळ तोच चालवतो, आणि तो संपला होता. सी-आर-२०३२ असं म्हटलं की तो घड्याळवाल्याकडेही मिळतो. प्लग काढून ठेवून तो बदलला, तारीख नीट लावली, अपडेट मुकाट झालं.

मशीन चालूच होत नसेल, काळ्या पडद्यावर येऊन थांबत असेल, तरी लगेच फॉरमॅटला जाऊ नका. उबुंटूत सुरू होताना शिफ्ट धरून ठेवलं, काही मशीनवर एस्केप दाबलं, की एक यादी येते. तिच्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि त्याच्या आत 'रिकव्हरी मोड' असतं. तिथल्या यादीत डीपीकेजीच्या नावाचीच एक ओळ आहे, मोडलेली पॅकेजं दुरुस्त करण्याची. हे मात्र जाणतं कोणी शेजारी बसलेलं असताना करा. तेही जमलं नाही, तर उबुंटू भरलेल्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून आतल्या फाईली बाहेर काढून घेता येतात. दुरुस्तीवाल्याला नेमकं हेच विचारायचं: आधी माझ्या फाईली काढून द्याल का, मग पुढचं बघू.

विंडोजवाल्या मैत्रिणींसाठी थोडक्यात. निळ्या पडद्यावर टक्के दाखवत ते थांबलं, तर जुन्या मशीनवर दोन-तीन तास लागणंही वावगं नाही. पुढे डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चाललंय. वीज गेलीच, तर बहुतेक वेळा पुन्हा चालू झाल्यावर विंडोज अर्धवट केलेलं स्वतः मागे घेतं. तेव्हाही बटण दाबून बंद करू नका. विंडोज १० ला नेहमीची मोफत दुरुस्ती मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं आहे. त्यामुळे आमच्यासारखी जुनी मशीनं घेऊन अजून पुष्कळ जणी लिनक्सकडे येतील, असा आमचा अंदाज आहे.

मग अपडेट करायचंच नाही का, असं एकीने बैठकीत विचारलं. करायचं. दाराची कडी ढिली झाली की सुतार बोलावतो, तसं सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली भोकं बुजवण्यासाठी ते असतं, आणि आपल्या मशीनवर बायांचे आधार नंबर आणि बँक खाती आहेत. फक्त वेळ आपण ठरवायची. आम्ही आता अपडेट महिन्याच्या बैठकीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी करतो. आभाळ भरलेलं असेल तर पुढे ढकलतो. त्याआधी हिशोबाची फाईल पेनड्राइव्हवर घेतो, आणि तो पेनड्राइव्ह कॉम्प्युटरच्या घरात न ठेवता सचिव वहिनींच्या कपाटात जातो. गटाच्या पैशातून एक छोटा यूपीएसही घेतला. वीज गेली तर तो पंधरा मिनिटं धरतो, चालू काम पुरं करून नीट बंद करायला तेवढी पुरतात.

सोमवारी बँकेचे साहेब आले, त्यांना छापील हिशोब दिला. रविवारी काय झालं ते आम्ही त्यांना सांगितलं नाही. त्या दोन आज्ञा मोठ्या अक्षरांत लिहून हजेरी वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवल्या आहेत. जिथे जागा सोडायची तिथे काकींनी लाल पेनाने चौकोन काढलेत.